नाचाच्या रात्रींची पुस्तकं कशी वाचायची

उरणजवळच्या आमच्या गावात हळदीला मामांचा साऊंड लागायचा. टेम्पोतून आधी बेसचे स्पीकर उतरायचे, त्यांच्यावर टॉपचे चढायचे, जनरेटरपासून वायर ओढली जायची आणि मी मिक्सरच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहायचो. मामांची एक सवय मला तेव्हापासून लक्षात आहे. गाणं बदलायच्या आधी ते मिक्सरकडे बघत नसत, अंगणाकडे बघत. करवल्या दमल्यात का, नवऱ्याचे मित्र मागच्या बाजूला सटकलेत का, म्हातारीकोतारी अजून कडेला बसून टाळ्या वाजवताहेत का. हे सगळं बघून झालं की मग हात बटणावर जायचा.

बऱ्याच वर्षांनी न्यूयॉर्कच्या डिस्कोवरचं एक जाडजूड पुस्तक हातात आलं आणि त्यात हेच, अगदी हेच, पानोपानी लिहिलेलं सापडलं. डीजे, डान्स फ्लोअर आणि शहराची रात्र या विषयावर गेल्या तीसेक वर्षांत इंग्रजीत आणि जर्मनमध्ये फार चांगली पुस्तकं झाली आहेत. आपल्याकडे ती वाचणारे कमी, कारण वाचायला घेतली की नावांचा लोंढा अंगावर येतो: क्लबांची नावं, गाण्यांची, रेकॉर्ड कंपन्यांची. साठाव्या पानापर्यंत माणूस थकतो. मीही थकलो होतो, पुस्तक वर्षभर तसंच पडून होतं. पुढे हळूहळू वाचायची एक पद्धत बसली. ती इथे पायरीपायरीने लिहितो.

पहिली पायरी: एकच जागा धरा

‘डान्स म्युझिकचा इतिहास’ वाचायला घेऊ नका. एक खोली निवडा आणि तिच्यापासून सुरुवात करा. माझी चूक हीच झाली होती. मी सुरुवात केली सायमन रेनॉल्ड्सच्या ‘एनर्जी फ्लॅश’पासून. १९९८ साली आलेलं ते पुस्तक उत्तमच आहे, पण ज्याच्या कानात ती गाणी आधीपासून आहेत त्याच्यासाठी ते आहे. ते तिसरं-चौथं म्हणून घ्या. बिल ब्रूस्टर आणि फ्रँक ब्रॉटन यांचं ‘लास्ट नाइट अ डीजे सेव्ह्ड माय लाइफ’ (१९९९) जवळ असू द्या, पण शब्दकोशासारखं. एखादं नाव अडलं की उघडायचं, काम झालं की मिटायचं.

पहिली जागा म्हणून मी सगळ्यांना न्यूयॉर्कचं ‘द लॉफ्ट’ सुचवतो. पुस्तक टिम लॉरेन्सचं, ‘लव्ह सेव्ह्ज द डे’ (२००३). त्यात १९७० ते १९७९ या दहा वर्षांतली अमेरिका आहे, पानं पाचशेच्या आसपास. सगळं एका दमात वाचायची गरज नाही. आधी लॉफ्ट सुरू करणाऱ्या डेव्हिड मँकुसो या माणसाबद्दलचा भाग तेवढा वाचा.

मँकुसो अनाथाश्रमात वाढला. तिथल्या एका नन मुलांसाठी फुगे लावून, रेकॉर्ड वाजवून छोट्या पार्ट्या करायच्या. मोठेपणी तो न्यूयॉर्कमध्ये ६४७ ब्रॉडवे या पत्त्यावर एका जुन्या गोदामवजा मजल्यावर राहत होता. १४ फेब्रुवारी १९७० रोजी त्याने तिथे मित्रांना नाचायला बोलावलं. आमंत्रणावर जे शब्द होते तेच पुढे या पुस्तकाचं नाव झाले. प्रवेश आमंत्रितांना, दारू विकायची नाही, छताला फुगे, टेबलावर फळं आणि सरबत. गोरे, काळे, लॅटिनो, समलिंगी, भिन्नलिंगी, पैसेवाले, कफल्लक, सगळे एकाच लाकडी फरशीवर. ज्या स्टोनवॉल बारवरच्या पोलिसी छाप्यामुळे समलिंगी लोक रस्त्यावर उतरले, त्या घटनेला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोन पुरुषांनी मोकळेपणाने एकत्र नाचावं अशा जागा शहरात किती थोड्या होत्या हे पुस्तक नीट समजावून सांगतं, आणि मग त्या फुग्यांचा अर्थ बदलतो.

दुसरी पायरी: पानाबरोबर गाणं लावा

लॉरेन्सने एक मोलाचं काम करून ठेवलं आहे. कुठल्या डीजेने कुठल्या काळात काय वाजवलं याच्या याद्या त्याने पुस्तकातच दिल्या आहेत. बरेच वाचक त्या ओलांडून पुढे जातात. माझं म्हणणं, पुस्तक तिथेच थांबवा.

यादीतली पाच गाणी निवडा. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यातून खालचा बेस येतच नाही. मग पुस्तकात ज्याला धडधड म्हटलंय ते तुमच्यापर्यंत पोचणार कसं? घरचा जुना ॲम्प्लिफायर असेल तर उत्तम, नाहीतर बऱ्यापैकी हेडफोन. गाणं पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा उभे राहून ऐका आणि कुठल्या सेकंदाला पाय आपोआप हलला ते लिहून ठेवा. तिसऱ्यांदा पुस्तकातला परिच्छेद वाचत ऐका. एका गाण्याला वीस मिनिटं जातात. द्या. गाणं सापडलं पण साल किंवा आवृत्ती चुकीची वाटली तर डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदींच्या संकेतस्थळावर ताडून बघा. एकाच गाण्याच्या तीन मिनिटांच्या आणि नऊ मिनिटांच्या आवृत्त्या असतात आणि पुस्तक बहुधा लांब आवृत्तीबद्दल बोलत असतं.

सुरुवातीला ‘सोल माकोसा’ घ्या. मनू दिबांगो हा कॅमेरूनचा सॅक्सोफोनवादक. १९७२ साली आफ्रिकी फुटबॉल स्पर्धा कॅमेरूनमध्ये होती, तिच्यासाठी त्याने एक गीत केलं आणि रेकॉर्डच्या मागच्या बाजूला हे गाणं घातलं. ब्रुकलिनमधल्या वेस्ट इंडियन लोकांच्या एका रेकॉर्डच्या दुकानात मँकुसोला ते सापडलं. लॉफ्टमध्ये ते वाजलं, नाचणारे दुसऱ्या दिवशी दुकानोदुकानी तेच मागू लागले, रेडिओवर गेलं, आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पोचलं. मोठ्या कंपनीने ते नंतर घेतलं. आधी निवडलं ते घामाघूम झालेल्या दोनेकशे माणसांनी. गाणं ऐकता ऐकता हा परिच्छेद वाचला तर डीजे नेमकं काय काम करतो याचं उत्तर मिळतं, दुसऱ्या व्याख्येची गरज पडत नाही.

तिसरी पायरी: यंत्र समजून घ्या, पण एकेक

या पुस्तकांत यंत्रांची नावं भरपूर येतात. सगळी पाठ करायची नाहीत. तीनच गोष्टी कळल्या तरी निम्मं पुस्तक उलगडतं.

पहिली गोष्ट, बारा इंची सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची मोठी तबकडी. रेकॉर्डवर बेस म्हणजे खाचेचा मोठा हेलकावा. बेस जितका दणकट, तितकी खाच रुंद लागते. सात इंची तबकडीत जागा थोडी, त्यामुळे गाणं लांब केलं की आवाज बारीक करावा लागे. सत्तरच्या दशकाच्या मध्याला टॉम मोल्टन हा मिक्स करणारा गाणं कोरून घ्यायला गेला असताना तिथल्या कोऱ्या छोट्या तबकड्या संपल्या होत्या. मोठ्या तबकडीवर खाचा पसरवून गाणं कोरलं गेलं आणि आवाज एकदम उघडला. १९७६ मध्ये डबल एक्सपोजरचं ‘टेन पर्सेंट’ हे विक्रीला आलेलं पहिलं बारा इंची सिंगल. वॉल्टर गिबन्स या डीजेने ते नऊ मिनिटांच्या पुढे नेलं होतं.

हे गाणं मी मामांना ऐकवलं होतं. छोटी आवृत्ती आधी, मग लांब. इंग्रजी शब्द त्यांना कळले नाहीत आणि त्यांनी विचारलेही नाहीत. गाणारे थांबून नुसता ठेका आणि तंतुवाद्यं उरतात तिथे त्यांनी बोट वर केलं. म्हणाले, “हळदीत नवऱ्याला खांद्यावर घेतला की आपण हाच तुकडा परत परत फिरवतो. पोरं दमली की मग गाणारा आणायचा.” गिबन्सने जे केलं त्यावर मी वाचलेल्या कुठल्याही परिच्छेदापेक्षा हे वाक्य मला जास्त उपयोगी पडलं. तुमच्या ओळखीत कोणी साऊंडवाला, बेंजोवाला, बँडवाला असेल तर त्याला ही गाणी जरूर ऐकवा. पुस्तक समजून घ्यायला त्याच्यासारखा जोडीदार नाही.

दुसरी गोष्ट, टर्नटेबल. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे मॉडेल १९७२ चं. त्यात पट्टा नाही, मोटर थेट तबकडीच्या थाळीला फिरवते. हाताने रेकॉर्ड धरून ठेवली तरी खालची थाळी आपल्या वेगाने फिरत राहते, हात सोडला की गाणं तत्काळ वेगात सुरू होतं. १९७९ च्या सुधारित मॉडेलमध्ये वेग कमीजास्त करायची सरकपट्टी आली. दोन गाण्यांचे ठेके जुळवणं त्यामुळे हाताशी आलं. अर्थात फ्रान्सिस ग्रॅसोसारखे लोक ही सोय नसताना, न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या क्लबात हे आधीच करत होते.

तिसरी गोष्ट, रोलँडचं टीबी-३०३. गिटारवाल्याला सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून जपानमध्ये केलेलं छोटं चंदेरी खोकं. बेस म्हणून ते कोणाला पटलं नाही, बंद पडलं, जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. शिकागोच्या पोरांनी त्याच्या खुंट्या पिळून पिळून जो चरचरीत आवाज काढला त्यातून १९८७ मध्ये फ्यूचर या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग या हिंदी सिनेमाच्या वादकाने तेच यंत्र घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावर रेकॉर्ड केली होती. त्या वेळी ती फारशी कोणी घेतली नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर चर्चा झाली. ती जरूर ऐका. पण यावरून ‘हाऊस संगीत (डिस्कोतून शिकागोत निघालेलं यंत्रांवरचं नाचाचं संगीत) मुंबईत जन्मलं’ असं जे हौसेने लिहिलं जातं ते पुढे ढकलू नका. शिकागोत ती रेकॉर्ड कोणी ऐकल्याचा पुरावा नाही. दोन शहरांत दोन माणसांनी एकाच यंत्राचं काय केलं एवढंच बघितलं तरी ते थक्क करणारं आहे, त्याला वंशावळ जोडायची गरज नाही.

चौथी पायरी: सांगणारा कुठे उभा होता?

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर मी एक चौकोन काढतो. ही खोली. त्यात डीजेची जागा, स्पीकर, दार, बार, मुतारी, अंधारा कोपरा. मग पुस्तकात जो जो बोलतो त्याच्या नावाचा ठिपका त्या खोलीत ठेवायचा. पन्नास पानांत चित्र स्पष्ट होतं. काही पुस्तकांतले सगळे ठिपके डीजेच्या कन्सोलभोवती जमतात. काहींत ते दारापाशी, म्हणजे कोणाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्यांपाशी. फ्लोअरच्या मधोमध ठिपके असलेली पुस्तकं कमी, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची.

हे का करायचं त्याचं एक खणखणीत उदाहरण आहे. जून १९७६ मध्ये निक कोन याचा ब्रुकलिनच्या डिस्कोतल्या तरुणांवरचा लेख एका न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात आला. त्यावरून ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा सिनेमा निघाला आणि डिस्को म्हणजे काय हे जगाने त्यातून ठरवलं. वीसेक वर्षांनी कोनने कबूल केलं की लेखातला नायक त्याने रचला होता, लंडनमध्ये पूर्वी पाहिलेल्या एका तरुणावरून. म्हणजे जगाच्या डोळ्यांसमोर डिस्कोचा जो चेहरा उभा राहिला, तो दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाने बनवलेला होता. ज्यांनी ती संस्कृती खरोखर घडवली ते काळे, लॅटिनो, समलिंगी नाचणारे त्या चित्रात जवळजवळ नाहीत.

दुसरं उदाहरण १२ जुलै १९७९ चं. शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात एका रेडिओवाल्याने डिस्कोच्या रेकॉर्ड जमा करून स्फोटात उडवल्या. लोक मैदानात घुसले, त्या दिवशीचा दुसरा सामना होऊच शकला नाही. बहुतेक पुस्तकांत हा प्रसंग आहे. पण व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक काळा मुलगा त्या दिवशी तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायच्या कामावर होता. लोक ज्या रेकॉर्ड फोडायला घेऊन येत होते त्यातल्या कितीतरी डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या कलावंतांच्या होत्या, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. हाच मुलगा काही वर्षांत शिकागोच्या पहिल्या हाऊस रेकॉर्डपैकी एकीच्या निर्मितीत होता. पत्रकारांच्या खोलीतून दिसलेली ती रात्र आणि त्याने दारात उभं राहून पाहिलेली ती रात्र शेजारी शेजारी ठेवून वाचा.

आवाजांची ही गर्दी ज्यांना आवडेल त्यांनी यापुढे फेलिक्स डेंक आणि स्फेन फॉन थ्युलेन यांचं बर्लिनच्या क्लबांवरचं ‘डेअर क्लांग डेअर फामिली’ घ्यावं. मूळ जर्मन २०१२ चं, इंग्रजी भाषांतर मिळतं. पूर्ण पुस्तक मुलाखतींच्या तुकड्यांचं, मध्ये लेखक बोलतच नाही. एक जण सांगतो, दुसरा खोडून काढतो, तिसऱ्याला आठवतच नाही. वाचताना बोलणाऱ्यांची यादी स्वतः करत जा: कोण पूर्व बर्लिनचा, कोण पश्चिमेचा. ९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत पडली, पूर्वेकडच्या असंख्य इमारतींचा मालक कोण हेच कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या गोंधळात १९९१ च्या मार्चमध्ये वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत ‘ट्रेझोर’ हा क्लब उघडला. ट्रेझोर म्हणजेच तिजोरी. गंजलेले लॉकर तसेच ठेवून लोक त्यांच्यामध्ये नाचत होते. आत वाजत होतं डेट्रॉइटच्या काळ्या तरुणांचं टेक्नो, म्हणजे यंत्रांवर घडवलेलं नाचाचं संगीत. ते तिकडे कसं घडलं यासाठी डॅन सिकोचं ‘टेक्नो रेबल्स’ वाचा. दोन्ही पुस्तकं जोडीने वाचली तर चांगलं, कारण बर्लिनच्या पुस्तकात डेट्रॉइट पाहुण्यासारखं येऊन जातं.

पाचवी पायरी: भाडं, परवाना, बारचा गल्ला

कोणतीही जागा का उघडली आणि का बंद पडली, हा प्रश्न पेन्सिलीने समासात लिहीत जा. उत्तर क्वचितच संगीतात असतं.

न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून कायदा होता की लोक नाचणार असतील तर त्या धंद्याला वेगळा परवाना हवा. तो २०१७ मध्ये रद्द झाला. मँकुसो काही विकत नव्हता, पार्टी खासगी होती, आणि याच मुद्द्यावर तो शहराच्या अधिकाऱ्यांशी भांडून जिंकला. ते सरबत आणि ती फळं नुसतं प्रेम नव्हतं, कायद्याची वाटही होती. मँचेस्टरच्या हासिएंडा क्लबवर पीटर हूकने लिहिलेलं पुस्तकही या अंगाने वाचा. तो स्वतः मालकांपैकी एक. १९८२ ला उघडलेला हा क्लब पुढे जगप्रसिद्ध झाला, तुडुंब भरू लागला आणि तरी पैसा बुडत राहिला. एक्स्टसीच्या नशेत नाचणारे लोक बिअर घेत नव्हते, पाणी पीत होते. गल्ला भरणार कशावर? या गोळ्यांनी जीवही गेले, आणि ज्या पुस्तकात नशेचं नुसतं गुणगान आहे, मेलेल्यांचा उल्लेख नाही, ते पुस्तक मी अपुरं समजतो.

ब्रिटनच्या १९९४ च्या कायद्याने तर उघड्यावरच्या रात्रीच्या जमावात वाजणाऱ्या संगीताची व्याख्याच ‘एकामागोमाग एक येणारे तेच तेच ठेके’ अशी केली. ते कलम मिळवून एकदा वाचाच, दोन मिनिटांचं काम आहे.

सहावी पायरी: मग घराकडे या

बाहेरची दोन-तीन पुस्तकं झाली की आपल्याकडची घ्या. आधी घेतली तर त्यांचा खोलपणा कळत नाही, असा माझा अनुभव.

मुंबईसाठी नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२). १९३० च्या दशकात ताजच्या बॉलरूममध्ये लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड असे काळे अमेरिकन वादक जाझ वाजवत होते. ज्यांना त्यांच्या देशात अनेक दारं बंद होती ते इथे साहेबलोकांना नाचवत होते. त्यांच्याकडून गोव्याचे ख्रिस्ती वादक शिकले आणि तेच पुढे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत गेले. ट्रंपेटवाला शिक चॉकलेट हा त्यातला मोहरा, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. तो आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता. १९५१ च्या ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ लावून ठेवा आणि ती प्रकरणं वाचा. भगवानदादांची ती पावलं, जी आपण गणपतीत पिढ्यानपिढ्या टाकत आलो, ती कुठल्या बॉलरूममधल्या ब्रासवर पडली होती हे कळल्यावर मला रात्री झोप आली नव्हती.

मुंबईच्या दुसऱ्या टोकाला सोनिया फलेरो यांचं ‘ब्युटिफुल थिंग’ (२०१०). मीरा रोडच्या लीला या बारबालेची कथा. ही कादंबरी नाही, पत्रकाराने वर्षानुवर्षं सोबत राहून लिहिलेली हकिकत आहे. हे पुस्तक न्यायालयाच्या निकालांबरोबर वाचा, ते सहज मिळतात. २००५ मध्ये महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. नेमक्या या भेदभावावर बोट ठेवून उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला, पुढे नवे कायदे आले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांतल्या अनेक अटी पुन्हा शिथिल झाल्या. निकालात बाईच्या रोजगाराच्या हक्काची भाषा आहे. पुस्तकात तिचा दिवस दुपारी किती वाजता सुरू होतो ते आहे. मराठीत भूषण कोरगांवकर यांचं ‘संगीत बारी’ याच्या शेजारी ठेवा. लावणीच्या कलावंतिणी, त्यांची थिएटरं, बैठकीचे हिशेब. आपल्या भाषेत रात्रीच्या कलेवर इतक्या आपुलकीने आणि इतक्या जवळून लिहिलेलं फार थोडं आहे.

गोव्यासाठी अरुण साल्दान्या यांचं ‘सायकेडेलिक व्हाइट’ (२००७). भाषा विद्यापीठीय आहे, जड आहे, पहिलं सैद्धांतिक प्रकरण सोडून सरळ हणजुणेच्या वाळूवर उतरा. साल्दान्या भूगोलाचे अभ्यासक, म्हणून ते प्रश्न विचारतात तोही जागेचा: कोण कुठे उभं आहे आणि किती वाजता? संगीत सगळ्यांना एक करतं, हे वाक्य गोवा ट्रान्सबद्दल, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत घडलेल्या नाचाच्या संगीताबद्दल, सतत ऐकू येतं. साल्दान्या दाखवतात की रात्री मिसळलेली गर्दी पहाटेकडे निवळत जाते, देशी पर्यटक पांगतात आणि उन्हं आली की फ्लोअर गोऱ्या जुन्याजाणत्यांचा होतो. ठरवून कोणी कोणाला हाकलत नाही, माणसं आपोआप एकमेकांना चिकटतात. फ्लोअरच्या कडेला चटया अंथरून, दिवा लावून चहा आणि ऑम्लेट विकणाऱ्या गावच्या बायका मात्र रात्रभर तिथेच. त्या चटईवर बसून लिहिलेलं पुस्तक अजून यायचं आहे.

गोव्याचं वाचताना एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. किनाऱ्याच्या उष्म्यात रेकॉर्ड वाकत, आणि त्यांचं ओझंही फार. म्हणून तिथले डीजे डॅट या छोट्या डिजिटल टेपवर वाजवत. त्यावर वेग कमीजास्त करून ठेके जुळवणं कठीण, त्यामुळे एक गाणं पूर्ण संपवून दुसरं लावावं लागे. गोवा ट्रान्सच्या गाण्यांची सुरुवात आणि शेवट इतके लांब, ठेक्याविना तरंगते का असतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

सातवी पायरी: एक रात्र स्वतः लिहा

एवढं वाचून झालं की हात शिवशिवतात. मग लांबचं काही शोधू नका. हळद, वरात, विसर्जनाची मिरवणूक, ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, जे तुमच्या गल्लीत असेल ते. आपल्याकडच्या या रात्रींवर वर्तमानपत्रांत डेसिबलच्या आणि गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या येतात, त्यापलीकडे फारसं काही नोंदलं जात नाही. आवाजाने घरातल्या आजाऱ्याचं काय होतं, हेही त्याच नोंदीत यायला हवं. माझ्या मामांचे कानही आता एका बाजूने गेले आहेत.

वही घ्या. तारीख, जागा, किती टॉप किती बेस, जनरेटर कोणता, स्पीकरची भिंत किती लांब. पहिलं गाणं कितीला लागलं, आवाज कितीला बंद झाला. रात्री दहाच्या नियमाने काय बदललं हे साऊंडवाल्यालाच विचारा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांआधीच्या रात्री त्याला आठवत असतील तर त्याची हळदीतली गाण्यांची क्रमवारी तेव्हा आणि आता कशी, ते लिहून घ्या. बायका फ्लोअरवर कधी येतात आणि कधी निघून जातात, याची वेळ स्वतंत्र रकान्यात टाका, त्यातून बाकी कुठल्याही रकान्यापेक्षा जास्त कळतं. नाचणाऱ्यांचे व्हिडिओ न विचारता काढू नका आणि नावं लिहायची तर आधी विचारा. मुलाखत दुसऱ्या दिवशी दुपारी घ्या, रात्री कोणाला वेळ नसतो आणि ऐकूही येत नाही. जुन्या कॅसेट आणि पेन ड्राइव्ह कोणी टाकून देत असेल तर मागून घ्या, वर पेनाने लिहिलेली गाण्यांची यादी फाडू नका.

आणि बुकिंगची डायरी मागायला विसरू नका. मामांच्या अशा एकोणीस डायऱ्या माळ्यावर निघाल्या. एका ओळीत गावाचं नाव, लग्नघर, बेसची संख्या, बयाणा किती घेतला, बाकी किती. पानाच्या कडेला मात्र शिसपेन्सिलीने, इतक्या बारीक अक्षरात की उजेडाकडे धरून वाचावं लागतं, त्या रात्री अंगण शेवटी कुठल्या गाण्यावर उठलं ते एकेका शब्दात लिहून ठेवलेलं आहे.